पात्र, मुकुट आणि मौन

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेतील राजा हरिषेण याचा अमात्य वराहदेव याने इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून संघाला अर्पण केले. तेथील त्याच्या शिलालेखात या राजवंशाची परंपरा नोंदलेली आहे. अजिंठ्याच्या वैभवामागे आपल्या वाशीमची राजसत्ता उभी होती, हे येथील उपासक-उपासिकांनी अवश्य ध्यानात ठेवावे. परंतु केवळ अभिमान पुरेसा नाही. त्या लेण्यातील चित्रे काय सांगतात हेही पाहिले पाहिजे.

याच लेण्यातील एक चित्र ‘मरणासन्न राजकन्या’ या नावाने प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करून घेणारे जॉन ग्रिफिथ्स यांनी या चित्रातील करुणेची आणि कथा सांगण्याच्या स्पष्ट रीतीची मुक्तकंठाने प्रशंसा केली. तथापि, रूढ झालेल्या नावात ती कथाच हरवली आहे. चित्रातील स्त्री मरणोन्मुख नाही. ती तथागतांचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी सुंदरी होय, असे अभ्यासक मानतात. सेवक नंदाचा मुकुट घेऊन आला आहे. मुकुट परत आला याचा अर्थ पती प्रव्रजित झाला. एक शब्दही न उच्चारता निरोप पोहोचला. सुंदरीची मान कलली आहे, पापण्या जड झाल्या आहेत, दासी तिला मागून सावरीत आहे. हेच तिचे उत्तर.

या मूक निरोपाची सुरुवातही मूकच आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेनुसार तथागतांनी आपले भिक्षापात्र नंदाच्या हाती दिले आणि ते चालू लागले. पात्र परत घ्या, असे म्हणण्याचे धैर्य नंदाला झाले नाही. तो मागोमाग विहारापर्यंत गेला. प्रव्रज्या घेणार काय, असे विचारले तेव्हा केवळ आदरापोटी त्याच्या तोंडून होकार निघाला. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्यात तर केस उतरविले जात असताना त्याच्या डोळ्यांत अश्रू आहेत. पुढे हाच नंद अर्हत झाला आणि इंद्रियसंयमात अग्रगण्य ठरला, हे खरे. परंतु शेवट कल्याणकारी झाला म्हणून आरंभीचा प्रश्न नाहीसा होत नाही. अश्वघोषाने सुंदरीला विलापाचे शब्द तरी दिले. चित्रकाराजवळ शब्द नव्हते. त्याने तिचे ढासळलेले शरीर भिंतीवर ठेवले आणि पाहणाऱ्याला त्या प्रश्नासमोर उभे केले. या चित्राचे खरे मोल येथे आहे. संघासाठी कोरलेल्या विहारातच, संघत्यागाची किंमत मोजणाऱ्या स्त्रीला त्याने स्थान दिले.

शब्दावाचून होणारा संवाद फार सामर्थ्यवान असतो, आणि म्हणूनच तो तपासावा लागतो. ज्याच्याकडे अधिकार आहे त्याची साधी खूणही आज्ञा ठरते. ज्याच्याकडे अधिकार नाही त्याचे मौन कोणीही संमती म्हणून वाचतो. जातिव्यवस्था याच भाषेवर उभी राहिली. पेशवाईत अस्पृश्याच्या मनगटावर वा गळ्यात काळा दोरा, पुण्यात कमरेला झाडू आणि गळ्यात मडके असे, याची आठवण बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात करून दिली आहे. त्या खुणा बोलत होत्या. ज्याच्या अंगावर त्या लादल्या होत्या, त्याला मात्र उत्तराची मुभा नव्हती.

धम्माची रीत याहून वेगळी आहे. नंदापाठोपाठ बालवयातील राहुलही प्रव्रजित झाला, तेव्हा शुद्धोदनाने आपले दुःख तथागतांपुढे मांडले. महावग्गात हा प्रसंग आहे. त्यानंतर मातापित्यांच्या अनुमतीवाचून पुत्राला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला. मुकुटाने जे दुःख मुकेपणी सांगितले, त्याला येथे शब्द मिळाला आणि शब्दाला नियमाचे रूप आले. संघकर्मातही मौन म्हणजे संमती मानतात, पण कशी? आधी प्रस्ताव मांडला जातो. महत्त्वाच्या कर्मात तो तीन वेळा घोषित होतो. ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे, असे स्पष्ट सांगितले जाते. एवढे झाल्यावरच उरलेले मौन संमती ठरते. बोलण्याचे स्वातंत्र्य असलेल्याचे मौनच तेथे मोजले जाते.

आपल्या घरांत मात्र मुलीच्या लग्नाची बोलणी होतात, ती खाली पाहते आणि वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘तिची ना नाही.’ पंचशील म्हणणाऱ्या घरातही हे घडते. तिला कोणी तीन वेळा विचारलेले असते काय? नाही म्हणालीस तरी चालेल, असे कोणी सांगितलेले असते काय? ते नसेल तर तिचे मौन विनयातले नाही. ते पात्र हाती घेतलेल्या नंदाचे आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, तेव्हा लाखो कंठांतून त्या मोठ्याने उच्चारल्या गेल्या. शुभ्र वस्त्रांची खूण तेथे होतीच. तरीही प्रत्येकाने आपल्या तोंडाने ‘मी’ म्हणावे, अशीच त्या प्रतिज्ञांची रचना आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचे मौन इतरांनी वाचले, त्यांनी त्या दिवशी स्वतः उच्चार केला.

म्हणून अजिंठ्याला जाल तेव्हा सोळाव्या लेण्यातील त्या चित्रापुढे थोडे थांबावे. रंग पुष्कळ झिजले आहेत, पण कललेली ती मान अजून ओळखू येते. तिला कोणी विचारले नव्हते. आपल्या घरातील मुलीला विचारणे, आणि तिचे उत्तर येईपर्यंत थांबणे, हे मात्र आपल्या हाती आहे.