सुभद्रा आणि वन्समोअर

संगीत नाटकात पद कोण म्हणतो, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. सुभद्रेचे पद सुभद्राच म्हणणार! परंतु मराठी रंगभूमीवर ही गोष्ट आरंभापासून अशी नव्हती. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा पदे म्हणण्याचे काम सूत्रधाराचे असे. पात्रांनी त्यास अनुरूप हावभाव करावे व प्रसंगोचित भाषण करावे, अशी रीत होती. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणिले आणि ज्याचे गाणे त्याच्याच मुखी दिले. शोक ज्याचा, स्वरही त्याचाच, ही किर्लोस्करांची खरी देणगी होय. ती आपण कितपत सांभाळली आहे, हे पाहण्याच्या हेतूने आम्ही अलीकडे पुण्यातील एका मोठ्या नाट्यगृहात त्यांच्याच ‘सौभद्रा’च्या प्रयोगास गेलो, आणि रंगमंचाइतकेच प्रेक्षागृहाकडेही लक्ष ठेविले.

नाट्यगृह जवळजवळ भरलेले होते. पुढील रांगांत पांढऱ्या केसांची मंडळी बहुसंख्य. ऑर्गनचे पहिले सूर निघताच त्यांची बोटे गुडघ्यावर ताल धरू लागली, आणि पद सुरू होण्यापूर्वीच कित्येकांच्या ओठांवर ते आलेले दिसले. हे भाग्य फार थोड्या नाटकांच्या वाट्यास येते. मागील बाजूस काही कुटुंबे मुलांसह आली होती. त्यांपैकी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी आमच्या पुढेच बसली होती, आणि कथा कोठे अडते हे आम्हांस तिच्या प्रश्नांवरूनच अधिक कळले.

दुर्योधनाशी ठरलेल्या विवाहाच्या संकटात आपणांस आधार कोणाचा, अशा व्याकुळतेने सुभद्रा सखीजवळ दुःख सांगते, तो प्रवेश आला. पद जवळ येताच नटी चार पावले चालून ध्वनिक्षेपकापाशी आली. तथापि तिचा स्वर इतका सच्चा होता की, ती चार पावले आम्ही विसरलो. शेवटच्या ओळीस तिचा आवाज किंचित कापला. नाट्यगृह क्षणभर स्तब्ध झाले आणि लगेच ‘वन्समोअर’चा घोष उठला. नटीने प्रेक्षकांस हात जोडले, तबलजीकडे पाहून मान हलविली आणि तेच पद पुन्हा आरंभिले. या खेपेस ताना लांबल्या, लयकारी आली, टाळ्याही वाढल्या. मात्र आवाजातील तो कंप पुन्हा आला नाही. बिचारी सखी हातात तबक घेऊन उभी होती. तिने कोणाकडे पाहावे? जी दुःख सांगत होती, ती आता तिच्याशी बोलतच नव्हती. पुढील बाकावरून प्रश्न आला, “आजी, हे तर तिने आत्ताच सांगितलं ना?” आजीने बोट ओठांवर ठेविले. आमच्या मते त्या रात्री झालेली सर्वांत मार्मिक टीका तीच होय.

कारण दुसऱ्या खेपेस गायिली ती सुभद्रा नव्हे, ती एक गुणी गायिका होती. म्हणजे पात्र एकीकडे आणि गाणे दुसरीकडे, ही १८८० पूर्वीची स्थिती आपण टाळ्यांच्या गजरात परत आणिली. भेद एवढाच की, सूत्रधार निदान आपले सोंग लपवीत नसे.

याच्या उलट कृष्ण-रुक्मिणीचा प्रवेश पाहावा. कृष्णाचे काम करणाऱ्या नटाचा गळा बेताचाच. परंतु बोलता बोलता तो गाण्यात शिरे आणि गाता गाता बोलण्यात उतरे. रुक्मिणीचा रुसवा प्रत्येक ओळीसरशी कसा सैल होत गेला, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. येथे कोणी वन्समोअर मागितला नाही. लोक हसले, आणि पुढे काय होते म्हणून सरसावून बसले. ती मुलगीही गप्प होती. संगीत नाटक म्हणजे काय, हे त्या दहा मिनिटांत दिसले.

यावर कोणी म्हणेल की, वन्समोअर ही जुनीच चाल आहे, आणि बालगंधर्वांच्या पदांस ते कितीतरी पडत. हे खरेच आहे. तथापि ते प्रयोग रात्रभर चालत. पद पुन्हा म्हटल्याने नाटकाचे काही कापावे लागत नसे. आज प्रयोग तीन तासांत आटोपावा लागतो. ‘सौभद्रा’त शंभराहून अधिक पदे आहेत. त्यांत मैफलीत शोभतील अशी थोडी; बाकीच्या साक्या, दिंड्या व इतर लहान पदे, म्हणजे पात्रांचे गद्याऐवजी पद्यात चाललेले संभाषणच होय. वेळ अपुरा पडला की कात्री प्रथम यांवरच चालते. आम्ही पाहिलेल्या प्रयोगात त्यांतील फारच थोडी उरली होती. एका पदाचा वन्समोअर चार-पाच मिनिटे घेतो. तेवढ्यात चार साक्या सहज म्हणून होतील. तेव्हा ‘पुन्हा’ म्हणून ओरडणारा रसिक नकळत नाटकाची संहिताच छाटीत असतो.

या प्रेक्षकांस अरसिक म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. संगीत नाटकाचे पडते दिवस त्यांच्याच प्रेमाने सावरले. आमचे मागणे त्या प्रेमापाशीच आहे. अंक संपून पडदा पडेपर्यंत टाळी राखून ठेवावी. नाटक संपल्यावर गायिकेस पुन्हा बोलवावे आणि हवे ते पद खुशाल ऐकावे. नाटकमंडळ्यांनीही वाचलेल्या वेळात गाळलेल्या दहा-बारा साक्या-दिंड्या परत घालून पाहाव्या. त्या मुलीसारखी जी मुले पुढील वीस वर्षांत या खुर्च्यांवर बसावयाची, त्यांस पदे आधी पाठ नसणार. ती सुभद्रेचे पुढे काय होते, हे पाहावयास येतील. त्यांस ते नीट पाहू द्यावे, एवढेच आमचे सांगणे आहे.