‘स्थानिक स्वराज्या’तला ‘स्व’ कोण?

महाडच्या संग्रामावर आपल्याकडे दरवर्षी भाषणे होतात, विशेषांक निघतात. त्यांत २० मार्च १९२७ असतो, २५ डिसेंबर १९२७ असतो. मात्र या दोहोंमधली एक तारीख बहुधा गळते. ती म्हणजे ४ ऑगस्ट १९२७. त्या दिवशी महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले करणारा स्वतःचाच ठराव रद्द केला. वर्गात एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, तळे १९२४ सालीच खुले झाले होते, मग बाबासाहेबांना १९२७ साली तिथे जावे का लागले?” प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र आपल्या इतिहासलेखनाची झडती घेणारे आहे.

महाड हे कोकणातले सावित्रीकाठचे जुने व्यापारी गाव. बाणकोटच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर होड्या इथवर येत. अशा गावांचे इतिहास आपण वाचतो तेव्हा त्यांत बंदर असते, बाजारपेठ असते, देवळे असतात आणि शेवटी नगराध्यक्षांची नामावली असते. नगरपालिका म्हणजे दिवाबत्ती, रस्ते आणि पाणीपुरवठा. पण पाणी कोणाला, हा प्रश्न या लेखनाला पडत नाही. रस्ता झाडणारे हात तर या पानांवर दिसतच नाहीत.

१८८२ साली रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला. त्याचे गोडवे आपल्या पाठ्यपुस्तकांत आजही गायले जातात. पण या स्वराज्यातला ‘स्व’ कोण होता? मतदानाचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या कसोट्यांवर मिळत होता. म्हणजे जातीने ज्यांना हे सारे आधीच दिले होते, त्यांनाच. १८९५ साली सरकारने महाड तालुका लोकल बोर्डावर गोपाळबाबा वलंगकरांची नेमणूक केली. सैन्यातून निवृत्त झालेला एक महार आपल्या शेजारी सभासद म्हणून बसणार, हे सवर्ण सभासदांना रुचले नाही. वर्तमानपत्रांतून त्यावर वाद झडले. तळ्याच्या पाण्यापूर्वी बत्तीस वर्षे खुर्चीचा विटाळ झाला होता! महाडचा इतिहास इथून सुरू व्हायला हवा.

आता ठरावांकडे वळू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला : सार्वजनिक निधीतून चालणारे पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ११ सप्टेंबरला सरकारने हुकूम काढला. या हुकुमाची भाषा बारकाईने वाचण्यासारखी आहे. सरकारी खात्यांना अंमलबजावणीचा आदेश आहे. स्थानिक संस्थांना मात्र, कलेक्टरांमार्फत, विचार करण्याचा सल्ला आहे. म्हणजे माणसाने पाणी प्यावे की नाही, हे गावच्या बहुमताच्या मर्जीवर सोडले. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. तीन वर्षे तो कागदावरच राहिला. स्पृश्यांच्या धाकाने कोणी पाण्याला हात लावू शकले नाही. कागदावरचा ठराव चालतो. ओंजळ भरली की चालत नाही. ओंजळ भरली तेव्हा परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली, १०८ घागरींनी तळ्याची शुद्धी झाली आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठरावच मागे घेतला. चार वर्षांपूर्वी बोले यांचा ठराव झाला, ती तारीखही ४ ऑगस्टच!

सुरेंद्रनाथ टिपणिसांसारखा महाडचा नगराध्यक्ष या लढ्यात आपल्या बाजूने उभा राहिला, हे कृतज्ञतेने नोंदवलेच पाहिजे. पण एका अध्यक्षाची सद्‌भावना म्हणजे संस्थेचा स्वभाव नव्हे. पुढे सनातन्यांनी दिवाणी दावा लावला. वहिवाट अनादी असल्याचे त्यांना सिद्ध करता आले नाही आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात बाबासाहेब जिंकले. जो हक्क नगरपालिकेने बहुमताने काढून घेतला, तो न्यायालयातून मिळवायला दहा वर्षे लागली.

राज्यघटनेच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट हे शब्द नावानिशी आले आहेत. ते वाचताना महाड आठवल्याशिवाय राहत नाही. काही गोष्टी मतदानाला टाकायच्याच नसतात, हे त्या कलमाचे सांगणे आहे.

आपल्या लेखनावर माझा आक्षेप आहे तो इथे. आपण तळ्याचे स्तोत्र गातो. ठरावांची वही उघडत नाही. मग सनातनी म्हणजे काठी घेऊन धावणारा जमाव, एवढेच चित्र उरते. सभेत शांतपणे हात वर करणारा सभासद सुटून जातो. आणि तो आजही सभेत बसलेला आहे. १९९३ पासून ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांत आपल्याला राखीव जागा दिल्या; खुर्ची मिळाली. पण गटार कोण उपसतो, नळ कोणत्या वस्तीत शेवटी पोहोचतो, हे अजून ठरावच ठरवतात.

म्हणून विद्यार्थ्यांना मी एक काम दिले आहे. आपापल्या गावच्या नगरपालिकेची जुनी सभावृत्ते माहितीच्या अधिकारात मागा. पाणी, स्मशान आणि सफाई कामगार या तीन शब्दांवर बोट ठेवून वाचा. गावाचा खरा इतिहास तिथे सापडेल.