डेटाबेस सर्व्हरमधील वर्णानुक्रम : एक समीक्षण

१

कोशकाराला घ्यावा लागणारा पहिला निर्णय शब्दांच्या अर्थासंबंधी नसून त्यांच्या क्रमासंबंधी असतो. ‘क्ष’ हे अक्षर ‘क’च्या पोटात घालावयाचे की वर्णमालेच्या अखेरीस ठेवावयाचे? ‘ळ’ला ‘ल’चा शेजार द्यावयाचा की ‘ह’च्या पुढची जागा? ‘कांबळे’ आधी की ‘काकडे’ आधी? मोनिअर-विल्यम्स आणि आपटे यांच्या संस्कृत कोशांत ‘क्ष’ हा ‘क’खाली सापडतो, मराठी शाळेतील मूल मात्र ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ असे म्हणून वर्णमाला संपविते. दोन्ही पद्धती आपापल्या ठिकाणी सयुक्तिक आहेत. महत्त्वाचे एवढेच की, कोशकार आपला निर्णय जाणून घेतो, तो प्रस्तावनेत सांगतो, आणि ग्रंथ पुरा होईपर्यंत त्यापासून ढळत नाही.

विद्यार्थ्यांचे पट, ग्रंथालयांच्या तालिका, मतदारांच्या याद्या, जमिनीचे उतारे हे सारे आज डेटाबेस सर्व्हरमध्ये राहते. असा सर्व्हर नव्याने बसविताना कोशकाराचाच निर्णय पुन्हा घेतला जातो. फरक असा की, येथे तो बहुधा नकळत घेतला जातो, प्रस्तावनेत सांगितला जात नाही, आणि पुढची आवृत्ती बसविताना कोणाच्याही ध्यानात न येता बदलू शकतो. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या दोन सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सर्व्हरांच्या बसविण्याच्या व आवृत्ती बदलण्याच्या पद्धती या दृष्टीने तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रश्न तंत्रज्ञांचा वाटला तरी त्याचे मूळ भाषेत आहे. म्हणून भाषेच्या अभ्यासकाने त्याविषयी बोलणे अस्थानी होणार नाही.

२

प्रथम अनुक्रमाचे कार्य स्पष्ट केले पाहिजे. या विभागातील वाचकांना परिचित असे एक उदाहरण घेऊ. फर्दापूरहून अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणारा प्रवासी लेणे क्रमांक १ पासून पाहावयास आरंभ करतो. परंतु ते सर्वांत जुने लेणे नव्हे. जुनी लेणी, ९ व १०, ही रांगेच्या मधल्या भागात आहेत. एकोणिसाव्या शतकात क्रमांक दिले गेले ते वाघूर नदीच्या वळणावरील स्थानानुसार, काळानुसार नव्हे. पुढे एक लेणे उजेडात आले, तेव्हा सगळे क्रमांक बदलण्याऐवजी त्याला ‘१५-अ’ असे म्हटले गेले. हा विवेक लक्षात घेण्याजोगा आहे. अनुक्रम ही मानलेली गोष्ट असते. परंतु एकदा मानल्यावर त्याच्या आधारावर वर्णने, नकाशे, संदर्भ उभे राहतात. तो गुपचूप बदलला तर संदर्भ खोटे पडतात; जागेवर असलेली वस्तू सापडेनाशी होते.

डेटाबेसमधील इंडेक्स हा असाच एक मानलेला क्रम होय. लाख नावांतून ‘काळे’ शोधताना सर्व्हर लाख नावे वाचत नाही. तो मधले एक नाव पाहतो, आपले नाव त्याच्या अलीकडे की पलीकडे हे ठरवितो, आणि अर्धा भाग सोडून देतो. असे वीसएक वेळा केले की तो इष्ट जागी पोहोचतो. ‘अलीकडे की पलीकडे’ हे ठरविण्याचा नियम म्हणजेच वर्णानुक्रम. तंत्रज्ञ त्याला कोलेशन म्हणतात. ज्या नियमाने इंडेक्स रचला त्याच नियमाने शोध घेतला पाहिजे, ही सगळ्या व्यवहाराची पूर्वअट आहे.

३

आता सर्व्हर बसविण्याच्या वेळी हा नियम कोठून येतो ते पाहू.

मायएसक्यूएलची कथा बोधप्रद आहे. हा सर्व्हर स्वीडनमध्ये जन्मला. कोणी वेगळे न सांगितल्यास त्यात लॅटिन लिपीचा संच आणि स्वीडिश भाषेचा अनुक्रम गृहीत धरला जाई. २०१८ साली आलेल्या ८.० या आवृत्तीपर्यंत हीच स्थिती होती. परिणामी, ज्या कार्यालयात पूर्वनिश्चित मूल्ये तशीच ठेवून मराठी नावे भरली गेली, तेथे मराठी मजकूर स्वीडिश नियमांच्या ताब्यात गेला. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. लॅटिन तक्त्याला ती तीन स्वतंत्र अक्षरे वाटतात. भरणारा आणि वाचणारा असे दोन्ही कार्यक्रम हीच चूक सारख्या रीतीने करीत असतील, तर पडद्यावर मराठी नीट दिसते व दोष उघड होत नाही. तो उघड होतो नवी आवृत्ती घेताना, जेव्हा त्या तीन कल्पित अक्षरांचे पुन्हा युटीएफ-८ मध्ये रूपांतर होते आणि नावाच्या जागी अर्थहीन चिन्हांची ओळ उरते. ८.० पासून युनिकोडचा सर्वसाधारण अनुक्रम पूर्वनिश्चित झाला ही निःसंशय सुधारणा होय. तथापि त्या आवृत्तीने भाषानिहाय अनुक्रमांची जी यादी दिली तीत स्वीडिश, पोलिश, हंगेरियन, व्हिएतनामी इतकेच काय, एस्पेरांतोही आहे, मराठी नाही.

पोस्टग्रेसची रचना अधिक प्रामाणिक आहे. तिच्या पुस्तिकेत हा निर्णय पहिल्याच वेळी नीट घ्यावा असा स्पष्ट इशारा आहे. कारण एखाद्या डेटाबेसचा अनुक्रम तो निर्माण करतानाच ठरतो व मागाहून बदलता येत नाही. परंतु या इशाऱ्याला दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की, कोणत्या भाषेसाठी कोणता निर्णय योग्य याविषयी तेथे मार्गदर्शन नाही. वेगावर होणाऱ्या परिणामाचीच चिंता अधिक आहे. दुसरी अशी की, ते पान वाचण्याचा प्रसंगच बहुतेकांवर येत नाही. डेबियनसारख्या प्रणालीवर तयार पॅकेज बसविले की पहिला सर्व्हर आपोआप उभा राहतो आणि संगणकाची जी भाषा असेल तीच त्याची भाषा होते. आपल्याकडे ती बहुधा इंग्रजी असते. प्रश्न विचारलाच जात नाही, म्हणून उत्तर देण्याची जबाबदारीही कोणावर येत नाही.

मग क्रम लागतो तो कसा? काही ठिकाणी निव्वळ युनिकोडच्या सांकेतिक क्रमांकानुसार. या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे, कारण तो १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय प्रमाणावर आधारलेला आहे. ‘इस्की’चा उद्देश ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिपींना एकच चौकट देण्याचा होता. मराठीचा अनुक्रम म्हणून तो कोणी योजलेला नव्हता. त्यामुळे मराठी रीतीने ‘काकडे, कावळे, कासार, काळे’ अशी लागणारी नावे तेथे ‘काकडे, काळे, कावळे, कासार’ अशी लागतात. ‘क्षीरसागर’ हे आडनाव यादीच्या शेवटाऐवजी ‘क’च्या शेवटी जाते, आणि ‘ज्ञानेश्वर’ ‘ज’मध्ये. युनिकोड संस्थेच्या सीएलडीआर या भाषानिहाय संग्रहात ‘ह’नंतर ‘ळ, क्ष, ज्ञ’ असा मराठीचा क्रम रीतसर नोंदलेला आहे, आणि आयसीयू या ग्रंथालयाच्या द्वारे तो पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून वापरता येतो. म्हणजे साधन नाही अशी तक्रार करता येत नाही. साधन मागितले जात नाही, ही खरी उणीव आहे.

४

येथवर कोणी म्हणेल की, ‘काळे’ चार ओळी वर आले काय किंवा खाली गेले काय, त्याने काय बिघडते? हा आक्षेप आवृत्ती बदलण्याच्या प्रसंगी टिकत नाही.

पोस्टग्रेसने दीर्घकाळ आपला अनुक्रम स्वतःजवळ ठेवला नव्हता. तो कार्यप्रणालीच्या मूलभूत ग्रंथालयाकडून, लिनक्सवर ग्लिबसीकडून, उसना घेतलेला असे. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लिबसीची २.२८ ही आवृत्ती निघाली. तिने नवे आंतरराष्ट्रीय प्रमाण स्वीकारले आणि असंख्य चिन्हांचा क्रम बदलला. २०१९ साली डेबियन १० व रेड हॅट ८ यांच्याबरोबर ती ठिकठिकाणच्या सर्व्हरांवर पोहोचली. इंग्रजी अंकांत लिहिलेले ‘११’ आणि ‘१-१’ घेतले, तर अमेरिकी इंग्रजीच्या नियमाने पूर्वी ‘११’ आधी येई. नव्या आवृत्तीत ‘१-१’ आधी येऊ लागले. आडव्या रेघेने पोटहिस्से दाखविणाऱ्या कोणत्याही नोंदवहीला हा बदल क्षुल्लक नाही. येथे डेटाबेस सर्व्हरला कोणी हातही लावलेला नव्हता. बदलली ती त्याखालची जमीन. डिस्कवरचा इंडेक्स मात्र जुन्या क्रमानेच रचलेला राहिला.

परिणाम कसा होतो तो पूर्वीच्या चार आडनावांवरच पाहू. समजा, इंडेक्स सांकेतिक क्रमाने रचला होता, म्हणून ‘काळे’ हे ‘काकडे’ व ‘कावळे’ यांच्या मध्ये आहे. मागाहून मराठी क्रम लागू झाला. आता सर्व्हर ‘कासार’ पाहतो, ‘काळे’ त्याच्या पलीकडे असले पाहिजे असे ठरवितो, पलीकडे जातो, आणि अशी नोंद नाही असे उत्तर देतो. नोंद तर आहे. सगळी यादी ओळीने वाचली तर ती दिसते. शोधली तर सापडत नाही. इतकेच नव्हे, एका नावाची एकच नोंद असावी असा निर्बंध असला तरी दुसरे ‘काळे’ आत शिरते, कारण पहिले आहे हे सर्व्हरला कळतच नाही. कोठेही यंत्र थांबत नाही. ही गोष्ट सर्वांत गंभीर आहे. कारण थांबलेले यंत्र दुरुस्त होते, आत्मविश्वासाने दिलेले खोटे उत्तर मात्र नोंद म्हणून स्वीकारले जाते.

या धोक्याचे वजन ज्याच्यावर पडते तो सर्व्हर बसविणारा नव्हे. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, आणि उतारा शोधताना गट क्रमांकाबरोबरच पहिले नाव, मधले नाव, आडनाव यांचाही आधार घेता येतो. फर्दापूरच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पडद्यावरचे ‘नोंद आढळली नाही’ हे वाक्य तांत्रिक नसते. त्यावर कर्ज, वारसा आणि विमा अवलंबून असतो. असा व्यवहार ज्या ज्या नोंदींवर चालतो त्यांच्या इंडेक्सची शुद्धता ही दस्तऐवजाच्या सत्यतेचाच भाग मानली पाहिजे.

पोस्टग्रेसने यावर केलेले उपाय स्तुत्य आहेत. अनुक्रमाची आवृत्ती नोंदवून ठेवणे आणि ती जुळली नाही तर इशारा देणे ही सोय आयसीयूसाठी दहाव्या, तर ग्लिबसीच्या अनुक्रमांसाठी तेराव्या आवृत्तीपासून झाली; पंधराव्या आवृत्तीत, म्हणजे २०२२ साली, ती संपूर्ण डेटाबेसला लागू झाली. परंतु इशारा हा उपाय नव्हे. इंडेक्स नव्याने रचण्याची आज्ञा माणसालाच द्यावी लागते, आणि इशाऱ्याचे ते वाक्य कोणी वाचील याची हमी कोणतीही आवृत्ती देऊ शकत नाही.

५

अनुक्रमाशी संलग्न असा दुसरा प्रश्न अभेदाचा आहे : दोन लेखने एकच केव्हा मानावयाची? ‘फर्दापूर’ आणि ‘फर्दापुर’ यांतील भेद तरी वाचकाला दिसतो. आपल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ग्रामनामातील ‘पूर’ दीर्घ ठरविला आहे, तेव्हा त्याचा निर्णयही करता येतो. न दिसणाऱ्या भेदांचे काय? ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ साली. तोपर्यंत ते ‘अ’ला चंद्र जोडून लिहिले जाई, आणि आजही अनेक कळफलकांवर तसेच लिहिले जाते. पडद्यावर दोन्ही सारखी. सर्व्हरला मात्र ती भिन्न, आणि सांकेतिक क्रमात त्यांतील एक यादीच्या आरंभी ‘अ’मध्ये, तर दुसरे सर्व व्यंजनांच्या आणि अंकांच्याही पलीकडे. एकाच वकिलाचे नाव यादीच्या दोन टोकांना लागू शकते. युनिकोडची प्रमाणीकरणाची प्रक्रियाही या दोन रूपांना एक करीत नाही. ‘ऱ’ आणि नुक्तायुक्त ‘र’ यांना ती एक करते. परंतु पोस्टग्रेस ही प्रक्रिया आपण होऊन करीत नाही, १३व्या आवृत्तीपासून ती सांगावी लागते.

६

या सर्वांवर एक सबळ प्रतिवाद आहे आणि त्याचा विचार केल्यावाचून समीक्षा पुरी होणार नाही. अनुभवी तंत्रज्ञ म्हणतात : साठवणुकीला भाषेचा क्रम देऊच नये. इंडेक्स निव्वळ सांकेतिक क्रमाने ठेवावा, तो कधी बदलत नाही. मराठी क्रम केवळ यादी दाखविताना लावावा. २०२४ च्या सतराव्या आवृत्तीत पोस्टग्रेसने असा स्थिर अनुक्रम स्वतःच्या पोटात घेतला आहे. माझ्या मते हा युक्तिवाद ग्राह्य आहे. लेण्यांचे क्रमांक आणि लेण्यांचा इतिहास वेगळे ठेवण्यात जो शहाणपणा आहे तोच येथे आहे. पण त्याने आपली जबाबदारी कमी होत नाही, उलट स्पष्ट होते. साठवणुकीचा क्रम यंत्राच्या सोयीचा असू द्यावा. वाचनाचा क्रम मराठीचा असावा, आणि तो कोठला, कोणत्या आवृत्तीचा, हे प्रत्येक प्रकल्पाच्या कागदपत्रांत लिहिलेले असावे.

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला व लिपी प्रमाणित केली आणि १० नोव्हेंबर २०२२ रोजी सुधारित निर्णय काढला. वर्णमाला प्रमाण झाली म्हणजे अनुक्रमाचे सर्व प्रश्न सुटले असे नव्हे. अनुस्वाराचे स्थान, ‘ॲ’च्या दोन लेखनांचा अभेद, ‘ऱ्य’ची दोन सांकेतिक रूपे यांविषयी यंत्राला देता येईल असा निःसंदिग्ध नियमसंच लागतो. तो तयार करणे हे व्याकरणाचे व कोशशास्त्राचे काम आहे, आणि ते भाषाविभागांच्या बाहेर कोणी करील अशी अपेक्षा धरणे योग्य नव्हे. आपले पदव्युत्तर विद्यार्थी शब्दसंग्रह व बोलींची सामग्री आता डेटाबेसमध्येच ठेवतात. निदान त्यांच्या प्रबंधांत तरी, हस्तलिखिताची प्रत जशी नोंदली जाते तशी, सर्व्हरची आवृत्ती, अनुक्रमाचा स्रोत आणि लेखनाच्या प्रमाणीकरणाची रीत यांची नोंद असावी. नवी आवृत्ती घेण्यापूर्वी शंभर निवडक शब्दांची यादी क्रमाने छापून ठेवावी, नंतर पुन्हा छापावी, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचाव्यात. फरक आढळल्यास इंडेक्स नव्याने रचल्याखेरीज त्या सामग्रीवर कोणतेही विधान करू नये. या कामाला अर्धा तास लागतो.