विमानतळावरील तपासणी-यंत्रांच्या चाचण्या : नकाराच्या अधिकाराचा प्रश्न

यंत्राची चाचणी घ्यावयाची म्हणजे ते यंत्र अनुत्तीर्ण होण्याची शक्यता आधीच मान्य करावयाची, हा प्रयोगशास्त्राचा प्राथमिक नियम होय. ज्या परीक्षेत नापास होण्याची सोयच ठेवलेली नाही, तिला परीक्षा म्हणणे हा शब्दाचा गैरवापर ठरतो. विमानतळांवरील सुरक्षा-तपासणीच्या नव्या यंत्रांविषयी शासन व उद्योग यांच्या सहकार्याने गेल्या दीड-दोन दशकांत ज्या चाचण्या झाल्या, त्यांच्यासंबंधीची परिपत्रके, निवेदने व वृत्ते एकत्र वाचली असता हा गैरवापर किती रूढ झाला आहे ते ध्यानात येते. अंधेरी, विलेपार्ले, सांताक्रूझ व कुर्ला या उपनगरांनी वेढलेला मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ या प्रश्नाच्या चिकित्सेस विशेष उपयोगी आहे. कारण 'चाचणी' या शब्दाचा खरा अर्थ सांभाळला गेल्याचे एक उदाहरण येथेच सापडते, आणि तो अर्थ सुटत चालल्याच्या खुणाही येथेच दिसतात.

प्रथम या व्यवहारातील पक्ष कोण ते पाहिले पाहिजे. १० सप्टेंबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण झाले. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षा ब्यूरोची स्थापना झाली. आरंभी तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा केवळ एक कक्ष होता. १९८५ च्या जूनमध्ये 'कनिष्क' विमानाचा घात झाल्यावर १ एप्रिल १९८७ पासून त्याला स्वतंत्र खात्याचे रूप मिळाले. १९९९ च्या डिसेंबरातील आयसी-८१४ अपहरणानंतर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे एकेक विमानतळ सोपविण्यात येऊ लागला. २००६ मध्ये मुंबई विमानतळाचा कारभार खासगी भागीदारीतील कंपनीकडे गेला व २०२१ मध्ये त्या कंपनीची मालकी अदानी समूहाकडे आली. सारांश, नियम ब्यूरो करतो, यंत्र कंपनी विकत घेते, ते वापरतात सुरक्षा दलाचे जवान, आणि बनविणारा कारखाना बहुधा परदेशी असतो. पाचवा पक्ष प्रवासी. सुरक्षा-शुल्क तो तिकिटातच भरतो. १ एप्रिल २०२१ पासून हे शुल्क देशांतर्गत प्रवासासाठी २०० रुपये झाले. तथापि चाचणीच्या मंडळात या पाचव्या पक्षाला आसन नाही.

आता मुंबईतील त्या उदाहरणाकडे वळावयाचे. हातातील पिशवीला कागदी चिठ्ठी बांधावयाची, क्ष-किरण यंत्रातून ती बाहेर पडली की जवानाने त्या चिठ्ठीवर शिक्का मारावयाचा, आणि विमानात चढण्यापूर्वी तो शिक्का पुन्हा तपासावयाचा, ही पद्धत भारतीय विमानतळांवर दीर्घकाळ चालत आली होती. शिक्का राहून गेला म्हणून दारातून माघारी धावणारा प्रवासी हे दृश्य सर्वपरिचित होते. या पद्धतीची चेष्टा करणे सोपे होते. परंतु तिच्यात एक गुण होता : तपासणी झाल्याचा पुरावा त्या वस्तूवरच असे, व तो दुसऱ्या माणसाला डोळ्यांनी पाहता येई. शिक्का काढून टाकणे म्हणजे तो पुरावा वस्तूवरून उचलून कॅमेऱ्याच्या नोंदीत ठेवणे होते. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईसह काही मोठ्या विमानतळांवर आठवडाभर शिक्क्याविना तपासणी करून पाहण्यात आली. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये ब्यूरोने शिक्का बंद करण्याचा आदेश काढला. तेव्हा सुरक्षा दलाने, कॅमेरे व इतर साधने यांची पूर्ण व्यवस्था जागेवर येईपर्यंत तो अमलात आणण्यास आक्षेप घेतला, आणि काही काळ शिक्के पडतच राहिले. अखेर १ एप्रिल २०१७ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद, कोचीन व अहमदाबाद या सात ठिकाणी शिक्का गेला.

दोन सरकारी यंत्रणांतील बेबनाव अशी या घटनेची तेव्हा संभावना झाली. वस्तुतः त्या बेबनावातच चाचणीचे सत्त्व होते. ज्याला रोज सकाळी त्या पट्ट्यापाशी उभे राहावयाचे होते आणि चूक झाल्यास जाब द्यावयाचा होता, त्या पक्षाने 'अद्याप नाही' असे म्हटले, व त्याचे म्हणणे काही आठवडे तरी टिकले. साधनांची अट त्यामुळे कागदावरून जागेवर उतरली. साधा रबरी शिक्का काढण्यास जेवढी परीक्षा झाली, तेवढी कोट्यवधी रुपयांचे यंत्र आणण्यास होते काय, हा प्रश्न मग अपरिहार्य ठरतो.

शरीर-तपासणी यंत्रांचा इतिहास या बाबतीत उत्साहवर्धक नाही. एप्रिल २०१९ मध्ये ब्यूरोने परिपत्रक काढून संवेदनशील व अतिसंवेदनशील अशा ८४ विमानतळांना मार्च २०२० पर्यंत अशी यंत्रे बसविण्यास सांगितले. धातुशोधक चौकटीला धातूखेरीज काही उमगत नाही, स्फोटके तिला दिसत नाहीत, हे त्यामागील कारण रास्तच होते. क्ष-किरणांऐवजी मिलिमीटर-लहरी वापरणे व पडद्यावर प्रवाशाच्या देहाऐवजी सर्वांसाठी एकच रेखाकृती दाखविणे या अटीही विवेकाच्या होत्या. परंतु क्रम पाहावा. आदेश एप्रिलमधला, दिल्लीच्या टर्मिनल २ वर यंत्राची चाचणी सुरू झाली ती त्यानंतर, डिसेंबर २०१९ मध्ये. मुदत आधी ठरली आणि परीक्षा मागाहून आली. लग्नाची तिथी धरून मग पत्रिका पाहावयास बसण्यासारखाच हा प्रकार होता. ती मुदत पुढे टळलीच, परंतु ती चाचणीच्या निष्कर्षामुळे टळली असे म्हणावयास प्रकाशित आधार नाही.

याउलट हॅम्बुर्गचे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. तेथील विमानतळावर सप्टेंबर २०१० पासून जुलै २०११ पर्यंत अशीच यंत्रे सुमारे ८ लाख प्रवाशांवर वापरून पाहण्यात आली. शस्त्र शोधण्याचे सामर्थ्य यंत्रात होते, परंतु खोट्या इशाऱ्यांची संख्या फार मोठी निघाली. कपड्यांचे थर, घड्या, चुण्या, उभे राहण्याची ढब एवढ्यानेही यंत्र गोंधळे. जर्मनीच्या गृहमंत्र्यांनी ते उघडपणे सांगितले व यंत्रे सर्वत्र बसविण्याचा विचार तूर्त सोडून दिला. या नकारानंतर कारखान्यांचा उद्योग बुडाला नाही. यंत्रांत सुधारणा झाल्या व पुढे ती जर्मनीत आलीही.

घड्या आणि चुण्या हे शब्द मराठी वाचकाने जरा थांबून वाचावेत. मिलिमीटर-लहरी कोरड्या कापडातून आरपार जातात व त्वचेवरून परततात, कारण त्वचेत पाण्याचा अंश मोठा असतो. याच कारणाने घामाने भिजलेले कापड त्यांना स्वच्छ पारदर्शक राहत नाही. आता मे महिन्यातील अंधेरी डोळ्यांपुढे आणावी. लोकलच्या गर्दीतून उतरून, रिक्षाने सहारला पोहोचलेल्या प्रवाशाच्या पाठीचे कापड कोणत्या स्थितीत असते, हे सांगावयास प्रयोगशाळा नको. त्यात नऊवारीचा कासोटा, सहावारीच्या निऱ्या आणि पैठणीचा पदर यांची भर. जरीत धातूचा अंश असेल तर तो पदर लहरींना भिंतीसारखाच अडवील. शीत प्रदेशात, कोट उतरवून ठेवलेल्या प्रवाशांवर प्रमाणित झालेले यंत्र येथे तसेच वागेल, हे गृहीत धरता येत नाही. ते येथेच, या हवेत व या वस्त्रांवर तपासले पाहिजे.

खोटा इशारा ही किरकोळ गैरसोय आहे असे समजणाऱ्यांसाठी थोडा हिशेब पुरे. २०२३-२४ या वर्षात मुंबई विमानतळावरून सुमारे ५ कोटी २८ लाख प्रवाशांची ये-जा झाली. ढोबळ मानाने निम्मे जाणारे धरले, तर दिवसाला सुमारे ७२ हजार होतात. यंत्राने शंभरांतील केवळ दहांविषयी खोटा संशय घेतला असे कल्पिले, तरी रोज ७,२०० निरपराध माणसांची हाताने झडती घ्यावी लागेल. ती ओझी वाहणारे दोघे : झडती देणारा प्रवासी, आणि आडोशाच्या पडद्यामागे दिवसभर ती घेणारी महिला जवान. शिवाय दहांपैकी दहा वेळा काहीच न सापडणाऱ्या इशाऱ्याकडे मनुष्याचे लक्ष हळूहळू उडते, आणि सुरक्षेच्या दृष्टीने हा तोटा सर्वांत मोठा. निऱ्यांमुळे हा भार विशेषतः स्त्रियांवर पडत असेल, तर यंत्राचा प्रश्न केवळ अभियांत्रिकीचा राहत नाही.

येथे गुप्ततेचा आक्षेप पुढे येतो. चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले तर घातपाती शहाणे होतील, असे म्हटले जाते. आक्षेप निम्मा खरा आहे. यंत्र काय पकडू शकत नाही, किती वजनाचा पदार्थ त्यातून निसटतो, हे कोणीही शहाणे शासन छापणार नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत गृहसुरक्षा खात्याच्याच तपासनिसांनी गुप्तपणे केलेल्या ७० प्रयत्नांपैकी ६७ वेळा बनावट स्फोटके व शस्त्रे तपासणीतून पार नेली, हे वृत्त फुटून बाहेर आले तेव्हा तेथील सुरक्षा-प्रशासनाच्या प्रभारी प्रमुखांची उचलबांगडी झाली. अशा आकड्यांचे गोपन समजण्यासारखे आहे. परंतु खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण, प्रत्येक प्रवाशामागे लागणारा वेळ, यंत्र बंद पडण्याचे दिवस, चाचणीचा खर्च कोणी सोसला आणि निष्कर्षावर सही कोणाची, यांपैकी एकही गोष्ट घातपात्याच्या उपयोगाची नाही. ती फक्त विक्रेत्याला अडचणीची आहे. हे दोन प्रकारचे निष्कर्ष एकाच मोहोरबंद लखोट्यात घालण्याची जी रीत पडली आहे, तिला सुरक्षेचे नाव देणे उचित नव्हे.

प्रमाणपत्र मिळालेले यंत्रही निर्दोष असते असे नाही. क्ष-किरणांच्या परावर्तनावर चालणारी रॅपिस्कॅन कंपनीची शरीर-तपासणी यंत्रे अमेरिकेच्या विमानतळांवर बसविली गेली होती. प्रवाशाची नग्नसदृश प्रतिमा टाळणारी प्रणाली ठरल्या मुदतीत तयार होईना, तेव्हा जानेवारी २०१३ मध्ये कंत्राट रद्द करून ती यंत्रे त्याच वर्षी काढण्यात आली. मुदत घालणारा कायदा तेथील विधिमंडळाने केला होता. युरोपात संगणकीय त्रिमिती-चित्रणाच्या सामान-यंत्रांमुळे द्रवपदार्थांवरील १०० मिलिलिटरची मर्यादा काही विमानतळांनी उठविली होती. सप्टेंबर २०२४ पासून ती त्यांना पुन्हा लागू करावी लागली. यंत्रे घेऊन बसलेल्या विमानतळांनी अर्थातच तक्रार केली.

भारतात सहकार्याचे नवे रूप म्हणजे 'डिजियात्रा'. ही झडती नव्हे, ओळख पटविण्याची योजना आहे. परंतु चाचणीच्या अधिकाराचा प्रश्न तीत अधिक स्पष्ट दिसतो. २०१९ मध्ये यासाठी नफा न घेणारी कंपनी स्थापन झाली. तीत भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के, आणि उरलेला मुंबईसह पाच विमानतळ-कंपन्यांचा. १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळूर व वाराणसी येथे तिचा आरंभ झाला व ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबई तीत सामील झाली. प्रवाशाची माहिती त्याच्याच भ्रमणध्वनीत राहते व विमानतळाकडे गेलेला अंश २४ तासांत पुसला जातो, असे सांगितले जाते. ते खरेही असेल. परंतु येथे बनवून घेणारा, चालविणारा, आणि यशाचा निर्वाळा देणारा एकच समूह आहे. शिक्क्याच्या प्रकरणात सुरक्षा दलाने बजावलेली भूमिका या रचनेत कोणाकडे आहे, याचे उत्तर मिळत नाही. सहकार्य शब्दाचा अर्थ एकमत असा घेतला गेला की असे होते.

एक गोष्ट मात्र यंत्रवादी व यंत्रविरोधी दोघांनीही विसरू नये. ५ सप्टेंबर १९८६ रोजी सहारहून निघालेले पॅन अॅमचे ७३ क्रमांकाचे विमान कराचीत ज्यांनी बळकावले, ते प्रवाशांच्या रांगेतून आलेच नव्हते. सुरक्षारक्षकांच्या गणवेशात, मोटारीतून, ते थेट विमानापाशी पोहोचले. दारावरचे कोणतेही यंत्र त्यांच्या वाटेत नव्हते. यावरून यंत्रे व्यर्थ आहेत असे निष्पन्न होत नाही. चाचणी यंत्राची घ्यावयाची की संपूर्ण व्यवस्थेची, एवढाच मुद्दा त्यातून निघतो.

तटस्थ परीक्षक आणावयाचे कोठून, या शंकेचे उत्तर उपनगरातच आहे. सहारपासून काही मैलांवर, पवईच्या आयआयटीच्या आवारात 'समीर' ही सूक्ष्मलहरींच्या संशोधनाची शासकीय संस्था १९८४ पासून आहे. तिचे मूळ टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील १९७७ च्या एका विभागात सापडते. किरणोत्साराच्या सुरक्षिततेवर देखरेख करणारे अणुऊर्जा नियामक मंडळ अणुशक्तिनगरात आहे. अंधेरीच्या सीप्झमध्ये १९७३ पासून निर्यातीसाठी इलेक्ट्रॉनिक वस्तू बनत आल्या, आणि तेथून हाकेच्या अंतरावरील विमानतळासाठी शोधक यंत्रे बाहेरून आणण्याचा प्रघात पडला, ही विसंगती येथे नुसती नोंदवून पुढे जावे. ज्यांना यंत्र विकावयाचे नाही, विकत घ्यावयाचे नाही व रोज चालवावयाचेही नाही, अशा एखाद्या संस्थेकडे चाचणीची आखणी सोपविता येईल. तिने नमुना निवडताना मे व जुलै या दोन्ही महिन्यांतील प्रवासी घ्यावेत. नऊवारी, सहावारी, बुरखा, पगडी यांची स्वतंत्र नोंद ठेवावी. झडती घेणाऱ्या जवानांचे, विशेषतः महिला जवानांचे, म्हणणे निवेदनात जोडावे. नापास ठरविण्याची मर्यादा चाचणी सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवावी, आणि विमानतळ-कंपनीने खरेदीचा करार त्या निवेदनावर सही पडल्यानंतर करावा.