बोगद्यापलीकडचा बर्फ

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गोंदियाकडे दोन गोष्टी नेमाने घडतात. हलक्या धानाची कापणी उरकत येते, आणि पुण्या-मुंबईस नोकरीला गेलेली मुले मंडईच्या दिवसांसाठी गावी परततात. अशाच एका सायंकाळी माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला. चकलीची बशी बाजूला सारून त्याने माझ्यापुढे एक कागद पसरला आणि म्हणाला, "गुरुजी, जानेवारीत जपानला चाललो. बारा दिवस, सगळा प्रवास आगगाडीने आणि सगळा बर्फातून. जाण्यापूर्वी काय वाचू, ते तुम्ही सांगा."

कागद मोठा टापटिपीचा होता. गाडी कोणती, सुटते केव्हा, पोहोचते केव्हा, मुक्काम कोठे, असे रकाने पाडलेले होते. सात दिवसांच्या रेल्वे पासाची किंमत २०२३ च्या ऑक्टोबरात २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० येनांवर गेली. तेव्हा पास घ्यावा की सुटी तिकिटे काढावीत, याचाही हिशेब त्याने मांडला होता. शेवटचा रकाना होता ‘काय पाहायचे’. त्यात देवळे होती, उन्हाळी झरे होते, बर्फाने दबलेली छपरे होती. माणूस मात्र एकही नव्हता.

"पुस्तकांचे उद्या सांगतो," असे मी म्हणालो. त्या ‘उद्या’चे चार दिवस झाले. कपाटातील पुस्तके निघाली, पुन्हा वाचली गेली, आणि त्यांतून हा लेख झाला. प्रारंभीच एक कबुली देऊन टाकतो. आकाशातून पडणारा बर्फ प्रस्तुत लेखकाने आयुष्यात पाहिलेला नाही. मग या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार काय? हा प्रश्न वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो मलाच पेचात टाकणार आहे.

जपानी बर्फाचे नाव काढले की रसिकांना पहिले आठवते ते यासुनारी कावाबाता यांचे ‘हिमभूमी’ हे पुस्तक. त्याचे मूळ नाव ‘युकिगुनी’. १९३५ पासून ते तुकड्यातुकड्यांनी प्रसिद्ध झाले, १९३७ मध्ये पुस्तकरूपाने आले आणि आजचे स्वरूप त्याला १९४८ मध्ये लाभले. एडवर्ड सायडनस्टिकर यांचे इंग्रजी भाषांतर १९५६ चे. १९६८ मध्ये कावाबातांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि या लहानशा कादंबरीवर ‘सौंदर्याचे काव्य’ असा शिक्का जो बसला तो आजतागायत निघालेला नाही.

कादंबरीचा आरंभ आगगाडीत होतो. गाडी एका लांब बोगद्यातून बाहेर पडते आणि पलीकडे सारे पांढरेशुभ्र असते. ही नुसती कवीची करामत नव्हे. यात भूगोल आहे. हिवाळ्यात सैबेरियाकडून येणारे कोरडे थंड वारे जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प पितात, मधल्या डोंगररांगेला अडतात आणि सारा भार पश्चिमेच्या अंगाला बर्फाच्या रूपाने टाकतात. पूर्वेकडे, तोक्योच्या बाजूस, त्याच दिवशी ऊन पडलेले असते. आपल्या सह्याद्रीसारखाच हा प्रकार! घाटाखाली कोकण धो धो भिजते आणि माथा ओलांडून चार कोस पुढे यावे तो रस्त्यावर धूळ. या डोंगरातून ९.७ किलोमीटरांचा शिमिझु बोगदा १९३१ मध्ये खुला झाला. म्हणजे कावाबाता लिहू लागले तेव्हा तो बोगदा नवाकोरा होता, आणि राजधानीतला माणूस प्रथमच एका रात्रीत त्या बर्फात जाऊन पडू लागला होता.

त्या माणसाचे नाव शिमामुरा. वडिलोपार्जित पैशावर जगणारा, रिकामपणाचा धनी. पाश्चात्त्य नृत्यनाट्यावर तो लेख लिहितो. मात्र ते नृत्य त्याने कधी रंगमंचावर पाहिलेले नाही. पुस्तके आणि छायाचित्रे पाहूनच तो लिहितो, आणि न पाहिलेलेच त्याला अधिक आवडते. (अधिकाराचा तो प्रश्न येथे माझ्या अंगावर आला, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखले असेल.) उन्हाळ्या झऱ्यांच्या गावी कोमाको नावाची गेशा त्याच्यावर जीव टाकते. तो येतो, राहतो, परत जातो, पुन्हा येतो.

‘सौंदर्याचे काव्य’ म्हणणारे टीकाकार येथे फसले, असे मला नम्रपणे वाटते. माझ्या मते ही पर्यटकावर चालवलेल्या खटल्याची कैफियत आहे. पहिल्याच प्रकरणातील प्रसंग पाहा. बाहेर अंधारून येते, डब्यात दिवा लागतो आणि खिडकीच्या काचेचा आरसा होतो. समोरच्या बाजूस योको नावाची तरुणी एका आजाऱ्याची शुश्रूषा करीत बसली आहे. शिमामुरा तिला काचेत पाहतो. तिच्या चेहऱ्याच्या प्रतिबिंबातून बाहेरचा डोंगर सरकतो, दूरचा एक दिवा नेमका तिच्या डोळ्यात येऊन चमकतो. हे सारे विलक्षण सुंदर आहे, यात शंका नाही. पण तो मान वळवीत नाही. हाताच्या अंतरावर एक माणूस मरणाला टेकलेला आहे, आणि हा गृहस्थ काचेतले चित्र पाहतो आहे. कावाबातांनी त्याला दोष दिलेला नाही. नुसते दाखवले आहे.

कोमाकोचेही तसेच. ती रोजनिशी लिहिते. वाचलेल्या प्रत्येक कादंबरीतील पात्रांची नावे आणि त्यांची नाती ती वह्यांत टिपून ठेवते. शिमामुराला हे व्यर्थ श्रम वाटतात. गेली वीस वर्षे एका खेड्यातील शाळेत शिकवीत आहे. अशा वह्या लिहिणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. ते श्रम व्यर्थ आहेत, हे बाहेरून आलेल्यालाच वाटते.

तथापि माझी एक तक्रार आहे. कादंबरीच्या आरंभी गाडी एका सिग्नलच्या थांब्यावर थांबते. योको खिडकी उघडून स्टेशनमास्तरांना हाक मारते; तिचा धाकटा भाऊ तेथे नुकताच रेल्वेच्या नोकरीला लागला आहे, त्याच्याकडे लक्ष असू द्या म्हणते. आजचे त्सुचितारु स्थानक ते हेच, असे मानतात. मला वाटले, आता हा मुलगा पुढे येणार. पण गाडी सुटते आणि तो बर्फात मागे राहतो. रूळ मोकळे ठेवणारा तो! कावाबातांची नजरही शेवटी गाडीत बसलेल्याचीच आहे. या गावी ते स्वतः सराईत राहून लिहीत होते; त्यापलीकडे जाणे त्यांना कठीण गेले असावे.

तो मागे राहिलेला मुलगा मला दुसऱ्या एका पुस्तकात भेटला. ते पुस्तक शंभर वर्षे आधीचे आहे. युझावाच्या जवळच शिओझावा नावाचे गाव आहे. तेथे सुझुकी बोकुशी (१७७०–१८४२) नावाचा एक व्यापारी राहत असे. चिजिमी नावाच्या तलम कापडाचा त्याचा धंदा होता. त्याने आपल्या मुलखातील बर्फावर ‘होकुएत्सु सेप्पु’ हा ग्रंथ लिहिला. राजधानीतल्या नामांकित लेखकांकडे खेटे घालता घालता जवळजवळ चाळीस वर्षे गेली, आणि १८३७ मध्ये, तो पासष्टी ओलांडून गेल्यावर, ग्रंथ छापून निघाला. गावंढ्या लेखकाच्या चिकाटीची याहून मोठी कथा मला ठाऊक नाही.

बोकुशीचे म्हणणे साधे आहे. ज्या मुलखात वीतभर बर्फ पडतो तेथे लोक त्यावर कविता करतात आणि मेजवान्या झोडतात. आमच्याकडे मात्र तो घर गाडून टाकतो. मग तो एकेक गोष्ट सांगू लागतो. छपरावरचा बर्फ खोऱ्याने ओढावा लागतो, नाहीतर वासे मोडतात. रस्ता घरांपेक्षा उंच होतो. डोंगरावरून कडा कोसळतो आणि माणूस वसंत येईपर्यंत सापडत नाही. यात कोठेही रडगाणे नाही. त्याच बर्फावर त्याच्या गावाचे पोट चालते, हेही तो सांगतो. चिजिमीचा धागा एका जातीच्या अंबाडीसारख्या झाडापासून निघतो. कोरड्या हवेत तो तुटतो, म्हणून बर्फाच्या दिवसांतील ओलसर हवेत बायका तो विणतात, आणि हिवाळ्याच्या अखेरीस ते कापड उन्हात, बर्फावर पसरून शुभ्र करतात. ही विद्या आजही जिवंत आहे. २००९ मध्ये तिची युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. आमच्या भंडारा-गोंदियाकडील कोसा पाहिलेल्यांना हे चटकन समजेल. कापडाचा भाव लोक विचारतात. त्यासाठी कोणाची बोटे झिजली, ते फारसे कोणी विचारीत नाही.

आणि गंमत पाहा. कावाबातांनी आपल्या कादंबरीत चिजिमीवर जी सुंदर पाने लिहिली, ती या बोकुशीच्याच आधाराने. पाहुण्याने घरधन्याच्या वहीतून उतरून घेतले. उतरून घेतल्याचे लपवले मात्र नाही.

आता आपल्याकडे वळू. मराठीत जपान आलेला नाही असे नाही. पु. ल. देशपांडे यांचे ‘पूर्वरंग’ १९६३ मध्ये आले आणि घराघरांत वाचले गेले. प्रभाकर पाध्ये यांनी ‘तोकोनोमा’ लिहिले. जपानी खोलीत चित्र आणि फुले मांडण्याचा जो कोनाडा असतो त्याचे हे नाव. पुस्तकाच्या दृष्टीची कल्पना त्या नावातच येते. दोन्ही लेखक मोठे आहेत. त्यांनी जपानी माणसाकडे कुतूहलाने आणि प्रेमाने पाहिले, त्याच्या कलांचे मर्म आपल्याला सांगितले. खोऱ्याने छप्पर मोकळे करणारा शेतकरी त्यांच्या वाटेवर नव्हता, हा त्यांचा अपराध नव्हे. पण त्यांच्या पाठोपाठ आलेल्या प्रवासवर्णनांचे काय? विमान किती वाजता सुटले, हॉटेलात नाश्त्याला काय होते, अमुक स्थळ पाहून डोळ्यांचे पारणे कसे फिटले! माझ्या विद्यार्थ्याच्या कागदातील रकानेच ते. फक्त वाक्यांत लिहून काढलेले.

दोष देताना बोट स्वतःकडेही वळवले पाहिजे. जपानच्या उत्तर भागात हानामाकी गावी केन्जी मियाझावा (१८९६–१९३३) नावाचे एक शिक्षक होऊन गेले. शेतकी शाळेत ते शिकवीत. हयातीत त्यांची दोनच पुस्तके निघाली, तीही १९२४ मध्ये. त्यांची ‘आकाशगंगेतील आगगाडी’ ही मुलांसाठी लिहिलेली कथा मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली आणि आज जपानात ती घरोघर ठाऊक आहे. त्यांच्या गावावरून इवाते लाइट रेल्वे नावाची लहान गाडी जात असे. तीच या कथेत आकाशात गेली, असे म्हणतात. त्या गाडीचा रूळ अडीच फुटी होता. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून बसलो. अडीच फुटी! म्हणजे आमची छोटी लाईन!

विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल नागपूर रेल्वेने गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करीत जबलपूरपर्यंत जी लाईन टाकली तिचा रूळ नेमका एवढाच होता. शंभर वर्षे ती धावली. लाकडाच्या मोळ्या, भाजीच्या पाट्या, लग्नाची वऱ्हाडे आणि शाळेची पोरे तिने वाहिली. लहानपणी बिरसोल्याकडे जाताना मी तिच्या दारात बसून पाय सोडत असे. पुढे टप्प्याटप्प्याने तिची बडी लाईन झाली. ते योग्यच झाले. आजाऱ्याला जबलपूरला नेणाऱ्याने हळू गाडीचे कौतुक का करावे? पण तिच्यावर आम्ही लिहिले काय? माझ्या स्वतःच्या एका कादंबरीत नायक या गाडीने गाव सोडून जातो. परवा ते पान काढून पाहिले. ‘गाडी सुटली,’ एवढेच तेथे लिहिले आहे. शिमामुराने निदान काचेत तरी पाहिले होते!

पाचव्या दिवशी विद्यार्थी आला. मी त्याच्या कागदावर लाल शाईने दुरुस्त्या करून ठेवल्या होत्या, मास्तरची सवय! म्हटले, कादंबरीतला तो बोगदा तुला जाताना मिळणार नाही. १९६७ मध्ये शेजारी नवा बोगदा झाला, तेव्हापासून जुन्या शिमिझु बोगद्यातून फक्त तोक्योच्या दिशेच्या गाड्या जातात. शिनकानसेनचा तर बोगदाही निराळा. तेव्हा जाताना शिनकानसेनने युझावाला उतर. तेथून साध्या गाडीने शिओझावाला जा, आणि त्या दिवसाचा ‘काय पाहायचे’ हा रकाना कोरा ठेव. पुढे कोइदेहून तादामी लाईन धर. २०११ च्या पुराने तिचे पूल वाहून गेले होते. २०२२ च्या ऑक्टोबरात ती पुन्हा सबंध सुरू झाली. दिवसाला मोजक्याच गाड्या आहेत आणि फार बर्फ पडला की त्याही बंद राहतात, म्हणून एक दिवस हाताशी ठेव. त्याच वाटेने परत ये आणि जुना बोगदा उलट्या दिशेने पार कर. बर्फातून निघून कोरड्या उन्हात! तेथे राहणारी माणसे कामधंद्यासाठी राजधानीकडे निघतात ती याच दिशेने. तू गोंदियाहून पुण्याला जातोस, तसा.

तो बराच वेळ कागद पाहत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, कोऱ्या दिवशी मी करू काय? मला तर जपानी येत नाही."

"छपरावरचा बर्फ ओढणारा कोणी दिसला तर उभा राहा," मी म्हणालो. "किती वेळ लागतो, खोरे कसे असते, ओढलेला बर्फ कोठे टाकतात, ते पाहा. आल्यावर मला सांग."

"आणि तुम्ही?"

या प्रश्नाची मला अपेक्षा नव्हती. बिरसोल्याच्या फाटकावर पूर्वी काम करणारे एक म्हातारे गृहस्थ अजून आहेत. मंडई आटोपली की वही घेऊन त्यांच्याकडे जाऊन बसायचे, असे मी त्याला कबूल केले आहे. येथे छापून टाकतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही.