थडग्याबाहेरचे भय

अमेरिकन दूरचित्रवाणीवर १९९७ ते २००३ या काळात प्रसारित झालेल्या 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' या जॉस व्हेडननिर्मित किशोरवयीन मालिकेचा विचार करताना पुष्कळांची दृष्टी तिच्यातील रक्तपिपासू पिशाच्चांपाशीच थबकते. वस्तुतः पिशाच्च हे या मालिकेतील सर्वांत कमी भयप्रद पात्र होय. ते दिसते, लाकडी खुंटीने मरते आणि त्याची धूळ होते. खुंटीने मरत नाही असे भय तिच्यात पूर्णांशाने उतरले ते फेब्रुवारी २००१ मधील 'द बॉडी' या भागात.

बफीची आई जॉइस घरातल्या कोचावर मृतावस्थेत पडलेली आहे. कारण मेंदूतील रक्तवाहिनीचे. शाप नाही, राक्षस नाही. या भागाला पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे केव्हा रडावे हे प्रेक्षकाला सांगणारे कोणी उरत नाही. छातीवर दाब देताना आईची बरगडी मोडल्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. पुढे जाइल्स जॉइसकडे धावतो, तेव्हा त्याला अडवताना बफीच्या तोंडून आईसाठी 'बॉडी' हा शब्द निघतो आणि ती स्वतःच दचकते. सबंध मालिकेत याहून भीषण क्षण मला आढळला नाही.

त्याच वर्षी सुरू झालेल्या सहाव्या पर्वात अधिक अवघड प्रश्न येतो. जगासाठी प्राण दिलेल्या बफीला तिचे मित्र मंत्रबळाने परत आणतात. ती नरकयातना भोगत असावी, असे ते गृहीत धरतात. शवपेटीत जाग आलेली बफी माती उकरीत वर येते. तिच्या हातांच्या जखमांचा अर्थ धाकट्या बहिणीला लागत नाही. स्पाइक या पिशाच्चाला लागतो, कारण तोही असाच वर आलेला आहे. आपण शांततेतून ओढून आणलो गेलो, हे ती त्याच्याचपाशी बोलते आणि मित्रांचे मात्र आभार मानते. आघात झालेली व्यक्ती इतरांना सांभाळून घेण्यात कशी झिजते, हे येथे फार अचूक टिपले आहे.

मार्च २००२ मधील 'नॉर्मल अगेन' या भागात विषप्रभावाने तिला आपण मनोरुग्णालयात असल्याचे दिसू लागते. तेथे आई जिवंत आहे. अखेरचे दृश्य रुग्णालयातलेच ठेवण्याची चतुराई बरीच गाजली. मला मात्र तिची कबुली मोलाची वाटते: पिशाच्चे पाहिल्याचे सांगताच आईवडिलांनी तिला काही काळ रुग्णालयात ठेवले होते आणि बोलणे थांबविल्यावरच तिची सुटका झाली.

विलोच्या कथेत मात्र ही मालिका कच खाते. बफीला न विचारता तिने परत आणले. टाराच्या स्मृतीवरही तिने दोनदा घाला घातला. दोन्ही कृत्ये सत्तेची आहेत. लेखकांनी त्यांना व्यसनाचे रूप दिले. मग विलो व्यसनी माणसासारखी थरथरते, घाम गाळते, सहानुभूती मिळवते. आणि जिच्या मनाशी खेळ झाला त्या टाराची बाजू मागे पडते.