ठाण्याच्या किल्ल्यांतील तुरुंग व मोतद्दाराचें गाणें

त्रिंबकजी डेंगळे ठाण्याच्या किल्ल्यांतून १२ सप्टेंबर १८१६ रोजीं रात्रीं निसटला, हें निर्विवाद आहे. तो कसा निसटला याविषयीं जी हकीकत रूढ आहे, तिचें मात्र परीक्षण अवश्य आहे. एका इंग्रज अंमलदाराच्या पदरचा मराठा मोतद्दार घोडा फिरवीत कैद्याच्या खिडकीखालून जाई व गाण्यांतून बेत कळवी. पहाऱ्यावरील गोऱ्यांस मराठी येत नसल्यानें कोणास संशय आला नाहीं, अशी ती हकीकत. प्रस्तुत लेखकानें चारोटीच्या बाजूस मुलांस शिकवितांना ती वर्षानुवर्षें सांगितली, इतकेंच नव्हे तर गाण्यास पदरची चालही लाविली. तेव्हां या चौकशींतील पहिला आरोपी तोच होय.

प्रथम इमारतीचा विचार करूं. हा किल्ला तुरुंग म्हणून बांधलेला नाहीं. पोर्तुगीजांनीं १७३० नंतर त्याचें काम हातीं घेतलें. तें पुरें होण्यापूर्वींच मार्च १७३७ मध्यें मराठ्यांनीं ठाणें घेतलें. डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं तो हल्ला करून घेतला, व १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांजकडे कायम झाली. नियमित तुरुंगाचें रूप त्यास १८३३ च्या सुमारास आलें. म्हणजे त्रिंबकजीस ठेवलें तें छावणी असलेल्या किल्ल्यांत. किल्ल्याचें बळ बाहेरच्या शत्रूकडे तोंड करून असतें. तुरुंगाचें आंत असलेल्या माणसाकडे. खाडीकडून येणारी फौज अडविणारा तट शौचास निघालेल्या एका कैद्यास अडवीलच असें नाहीं. त्रिंबकजी गेला तोही तट फोडून नव्हे, तर आंतील एका लहानशा आडोशाच्या भिंतीस पडलेल्या भोंकांतून. सबंध प्रकरणांतील निर्णायक वस्तु तें भोंक आहे, गाणें नव्हे.

आतां साधनें पाहूं. मुख्य दोन. ग्रँट डफचा इतिहास १८२६ सालीं निघाला. एल्फिन्स्टनच्या हाताखालीं पुण्यास काम केलेल्या या गृहस्थास सरकारी बातमी ठाऊक असण्याचा संभव मोठा. तो मोतद्दार व त्याचें गुणगुणणें सांगतो, पद देत नाहीं. दुसरें साधन कलकत्त्याचा बिशप हेबर याचें प्रवासवृत्त, १८२८ सालीं प्रसिद्ध झालेलें. हेबरनें १८२४ सालीं चुनारगडावर कैदेंत असलेला त्रिंबकजी पाहिला, व पुढल्या वर्षीं तो ठाण्यासही येऊन गेला. तो पद देतो. पण इंग्रजींत, यमकें जुळवून. मूळ मराठी शब्द एकही देत नाहीं. हेबर स्वतः कवि होता, हें येथें विसरतां नये.

पदाचा आशय असा: झुडुपाआड तिरंदाज दबा धरून आहेत, घोड्यांपेक्षां स्वार एकानें कमी आहे, तो एक आला कीं दख्खनचें भाग्य उघडेल. तिरंदाज हे इंग्रजी काव्यांतून आले असा आक्षेप कोणी घेईल, तर तो टिकणार नाहीं. भिल्लांच्या हातीं धनुष्य होतेंच, व त्रिंबकजीचा भिल्लांशीं संबंध प्रसिद्ध आहे. खरी अडचण निराळी आहे. कैद्यास कळावयास हवें तें हें, कीं भोंक कोठें, वेळ कोणती, पुढें वाट कशी. यांपैकीं पदांत कांहींच नाहीं. जें आहे तें सुटकेनंतर श्रोत्यास रुचेल असें आहे. शिवाय गोऱ्यांस मराठी येत नसली तरी छावणींतील नोकरचाकरांस येत होतीच. त्यांच्या देखत दख्खनच्या भाग्योदयाचें गाणें उघड गाणारा मोतद्दार धाडसी म्हणावा कीं वेडा?

मीमांसकांनीं अर्थवादाचे तीन प्रकार सांगितले आहेत. अन्य प्रमाणाशीं विरोध असेल तर गुणवाद, अन्य प्रमाणानें आधींच सिद्ध असेल तर अनुवाद, विरोध नाहीं व सिद्धिही नाहीं तर भूतार्थवाद. हीच कसोटी येथें लावावी. केवळ गोरा पहारा हा सुरक्षिततेसाठीं योजलेला उपाय कैद्याच्याच पथ्यावर पडला, व मोतद्दाराकरवीं निरोप गेला, हा भाग भूतार्थवाद समजून ठेवण्यास हरकत नाहीं. पद मात्र प्रसंगाशींच विसंगत, म्हणून गुणवाद. तें स्तुति आहे, बातमी नव्हे.

ही कथा तोंडोतोंडीं चालत आली असें आपण समजतों. परंतु डफच्या ग्रंथाचें भाषांतर ‘मराठ्यांची बखर’ या नांवानें पूर्वींच मराठींत झालें. तेव्हां गांवोगांव ऐकूं येणारी कथा छापील पानावरून तोंडांत गेलेली नसेल, असें म्हणण्यास आधार हवा.

इमारत आजही मध्यवर्ती कारागृह आहे. १९ एप्रिल १९१० रोजीं कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांस येथेंच फांशी दिलें. तेथें जाऊन भिंती मोजणें संशोधकास सुलभ नाहीं. म्हणून कागदांवरच भिस्त ठेवणें प्राप्त आहे. ज्यांच्या संग्रहीं १८२६ पूर्वींचें एखादें बाड असेल व त्यांत हें पद मराठींत असेल, त्यांनीं तें मूळ मोडीसह प्रसिद्ध करावें. तसें झाल्यास वरील निर्णय मीं आनंदानें मागें घेईन. तोंपर्यंत मुलांस मोतद्दार सांगावा, भिंतीचें भोंक सांगावें, आणि गाणें हेबरचें म्हणून सांगावें.